जुने डिझेल पिकअप घेतले आहे. त्यात कोणते बदल खात्रीचे ठरतील?

कादवाकाठ (निफाड)

नमस्कार मंडळी. घरचा कांदा आणि शेजारच्या तीन-चार शेतकऱ्यांची द्राक्षे वाशीच्या बाजारात पोहोचवण्यासाठी मी दोन महिन्यांपूर्वी एक जुने पिकअप विकत घेतले. गाडी २०१८ ची, बीएस-४ आहे. इंजिन २.५ लिटरचे टर्बो कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून उच्च दाबाचे डिझेल देणारे) डिझेल, ब्रेक पुढे डिस्क आणि मागे ड्रम, आणि भारक्षमता १,३०० किलो. मीटरवर १,४२,००० किलोमीटर दिसतात. पहिल्या मालकाने हौद्यात चेकर पत्रा ठोकून घेतला आहे, फाळक्यांवर लोखंडी जाळी चढवून उंची वाढवली आहे, पुढे जाड पाइपचा गार्ड बसवला आहे आणि मागच्या पाट्यांमध्ये (स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये) दोन पाटे जादा टाकले आहेत.

गाडीवर खर्च करण्यासाठी मी ६०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. ते कुठे घालावेत याबद्दल गॅरेजमध्ये मिळालेल्या सल्ल्याने माझे समाधान झाले नाही, म्हणून येथे विचारत आहे. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे, की ओढ वाढवण्यासाठी इंजिनात जास्त डिझेल सोडायला लावणारी चिप बसवावी, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पत्रा टाकून बंद करावा, हेडलाइटला १००/९० वॉटचे बल्ब लावावेत, मागे आणखी एक पाटा टाकावा आणि टायर एक माप मोठे घ्यावेत. हे सगळे केले की गाडी दहा वर्षे बघावी लागणार नाही, असे ते सांगतात.

गाडीच्या माझ्या तक्रारी अशा आहेत. एका लिटरला जेमतेम दहा किलोमीटर मिळतात, तर गावातील अशाच एका गाडीला तेरा मिळतात. तापमानाची सुई अर्ध्यापर्यंत कधीच येत नाही. गाडी थंड चालते हे चांगलेच आहे, असे मला सांगण्यात आले. चढावर गाडी ओढत नाही आणि काळा धूर टाकते. माल भरून कसारा घाट उतरताना शेवटच्या वळणांपर्यंत ब्रेकचे पेडल खोल जाऊ लागते आणि जळका वास येतो. उलट रिकामी परत येताना रस्ता ओला असेल आणि ब्रेक जरा जोरात लागला, तर मागची चाके अडकतात आणि गाडी तिरकी होते. मागच्या पावसात इगतपुरीच्या अलीकडे एकदा असे झाले, तेव्हा माझा मुलगा शेजारी बसला होता. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही.

आधी काय करावे, काय अजिबात करू नये आणि कोणते बदल खरोखर टिकतात, हे अनुभवी माणसांकडून समजून घ्यायचे आहे.


जुना_पाना

दादा, मी एसटीच्या आगारात एकतीस वर्षे यांत्रिकी काम केले आणि निवृत्तीनंतर गावी लहान गॅरेज चालवतो. तुमचा प्रश्न वाचताना सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात आली. तुमचा माल निफाडहून वाशीला जातो, म्हणजे गाडी भरलेली असते तेव्हा ती घाट उतरते आणि रिकामी असते तेव्हा चढते. ओढ कमी आहे ही तक्रार खरी असली, तरी तुमच्या धंद्याला जादा ताकदीची गरज नाही. गरज आहे ती ब्रेकची. ज्या वाटेवर गाडी चालणार ती वाट डोळ्यांसमोर ठेवूनच बदल निवडावेत. कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या गाडीला हेच लागू आहे, आणि बंदरावरून घाटमाथ्यावर माल आणणाऱ्या गाडीचा हिशेब अगदी उलटा निघेल.

आता ब्रेकच्या दोन तक्रारींकडे येतो. मला दाट शंका आहे की त्या दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे जादा टाकलेले पाटे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या आसाच्या वर, चॅसिसला, एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्याची एक बारीक दांडी आसाला जोडलेली असते. हौद्यात माल भरला की चॅसिस खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळू लागतो. गाडी रिकामी झाली की चॅसिस वर उचलले जाते आणि तोच व्हॉल्व्ह मागचा दाब कमी करतो, म्हणजे हलक्या झालेल्या मागच्या बाजूची चाके अडकत नाहीत. तुम्ही पाटे वाढवले की माल भरला तरी गाडी पूर्वीइतकी बसत नाही. गाडी रिकामीच आहे असा व्हॉल्व्हचा समज होतो आणि मागचे ब्रेक अर्ध्या जोराने लागतात. तेरा क्विंटल मालाचा सगळा जोर पुढच्या डिस्कवर येतो, त्या तापतात आणि तुम्हाला जळका वास येतो.

पण मग रिकामी गाडी मागून का घसरते, असा प्रश्न उरतो. व्हॉल्व्ह त्याचे काम करत असता, तर ती घसरायला नको होती. म्हणून माझी विनंती आहे की गाडी रॅम्पवर घ्या आणि ती दांडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मागचे ब्रेक कमी लागतात अशी तक्रार आली की काही ठिकाणी ती दांडी ताणून तारेने बांधून टाकतात, म्हणजे मागे कायम पूर्ण दाब जातो. त्यानंतर भरलेली गाडी बरी थांबते, पण रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर गरकन फिरते. तसे असेल, तर तुमचे पुढचे ब्रेक तापण्याचे कारण वेगळे शोधावे लागेल; ब्रेकचे लायनर, अडकलेला कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आणि गाडीचे खरे वजन, या क्रमाने पाहावे लागेल.

पेडल खोल जाणे हे ब्रेक ऑइलचे लक्षण आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा ओढून घेते. डॉट-३ प्रकारचे नवे ऑइल २०५ अंशांना उकळते, पण त्यात ओलावा मुरला की तेच १४० अंशांनाच उकळू शकते. घाटात कॅलिपरजवळ ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबले की ऑइलऐवजी वाफ दाबली जाते. आपल्याकडे ब्रेक ऑइल कमी झाले की वरून भरतात, पण जुने काढून संपूर्ण बदलणारी माणसे फार थोडी आहेत. ते दर दोन वर्षांनी बदललेच पाहिजे. झाकणावर डॉट-४ चालेल असे लिहिले असेल, तर ते भरा; नव्या डॉट-४ चा उत्कलनबिंदू २३० अंश असतो. खर्चाच्या मानाने घाटात इतका उपयोगी पडणारा दुसरा बदल मला माहीत नाही. आणि घाट उतरताना ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी तो घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरा. एसटीच्या चालकांना पहिल्या दिवसापासून हेच शिकवले जाते.

तापमानाची सुई अर्ध्यापर्यंत येत नाही, ही मात्र मी गंभीर तक्रार मानतो. कोणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला असावा. १९८६ साली टाटा ४०७ आली, त्या काळापासून यांत्रिक पंपाच्या गाड्यांवर हात बसलेल्या अनेक मिस्त्रींना थर्मोस्टॅट हे गाडी तापवणारे यंत्र वाटते आणि गाडी एकदा तापली की ते पहिले त्यालाच काढतात. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडतो. तो नसेल तर पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमध्ये फिरते आणि इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचतच नाही. तुमच्या इंजिनात किती डिझेल सोडायचे हे संगणक ठरवतो आणि त्यासाठी पाण्याचे तापमान वाचतो. इंजिन अजून थंडच आहे असे त्याला दिवसभर दिसत राहिले, तर डिझेल जास्त जाणार. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि लायनर-पिस्टन लवकर झिजतात. दहाच्या अॅव्हरेजचे मोठे कारण मला येथे दिसते. मूळ मापाचा थर्मोस्टॅट बसवा, रेडिएटर बाहेरून आणि आतून साफ करून घ्या, कूलंट निम्मे आणि शुद्ध पाणी निम्मे असे भरा. बोअरचे क्षारयुक्त पाणी कधीही घालू नका. रेडिएटरची कॅप नवी घ्या. ती फक्त झाकण नसते. आतील दाब सुमारे १ बारने वाढवला की साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांना उकळते, आणि हा दाब धरून ठेवण्याचे काम ती कॅपच करते.

काळा धूर आणि कमी ओढ यांसाठी चिपकडे जाण्यापूर्वी हवेचा मार्ग तपासा. एअर फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारे रबरी होज आणि त्यांच्या क्लिपा पाहा. होज फाटला असेल, तर टर्बोने दाबलेली हवा वाटेतच गळते, डिझेल तेवढेच जाते आणि धूर काळा होतो. फाटलेल्या जागी तेलकट काळा डाग दिसतो. बोट फिरवले तरी कळते.

ईजीआर बंद करू नका, तो उतरवून साफ करा. तो इतका का भरतो, हेही सांगतो. बाजार समितीच्या रांगेत गाडी तास-तासभर चालू ठेवून उभी राहते. भार नसताना इंजिन थंड जळते, काजळी धरते, आणि ती काजळी ऑइलच्या वाफेत मिसळून ईजीआरमध्ये डांबरासारखी बसते. रांगेत इंजिन बंद करण्याची सवय लावली, तर साफ केलेला ईजीआर पुष्कळ दिवस चांगला राहतो.

खरी भर घालायचीच असेल, तर एकच सांगेन: डिझेलच्या टाकीनंतर, पंपाच्या आधी, पाणी वेगळे करणारा प्री-फिल्टर बसवा. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब दीड हजार बारच्या घरात जातो आणि इंजेक्टरमधील फटी इतक्या बारीक असतात, की पाण्याचा थेंब आणि मातीचा कण तेथे सारखेच नुकसान करतात. मात्र हा फिल्टर जाड जाळीचा, ३० मायक्रॉनच्या आसपासचा घ्या. त्याहून बारीक घेतला, तर डिझेल ओढताना पंपावर ताण येतो. कंपनीचा मूळ बारीक फिल्टर जागेवरच राहू द्या. महिन्यातून एकदा खालचा नॉब सैल करून काचेच्या बरणीत अर्धा कप डिझेल काढा आणि बरणी दहा मिनिटे स्थिर ठेवा. पाणी असेल तर ते तळाशी बसते आणि बरणी तिरकी केली की काचेवरून मण्यांसारखे घरंगळते. ते एकदा पाहिले, की कोणत्या पंपावर डिझेल भरायचे हे तुमचे तुम्हीच ठरवाल.


घाटचालक (गडहिंग्लज)

जुना_पाना काकांनी चिपबद्दल दोनच शब्द लिहिले आहेत, म्हणून त्यावर मी माझा अनुभव सांगतो. मी गडहिंग्लज भागातून भाजीपाला भरून आंबोली घाटाने सावंतवाडी आणि पुढे म्हापशाला जातो. पाच वर्षांपूर्वी मीही जुने पिकअप घेतले आणि पहिल्याच महिन्यात एक ट्यूनिंग बॉक्स, म्हणजे चिपचाच एक प्रकार, बसवून घेतला. रेलमधील दाबाच्या सेन्सरचा खोटा आकडा तो संगणकाला दाखवतो, त्यामुळे संगणक दाब वाढवतो आणि डिझेल जास्त जाते. पहिले आठ दिवस मी इतका खूश होतो, की चार मित्रांनाही तो घ्यायला सांगितले.

आठव्या महिन्यात, परतीच्या वाटेवर, नारळ भरलेले असताना आंबोलीच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग मात्र वाढेना. क्लच प्लेट सरकत होती. मूळ इंजिनाच्या ताकदीपुरतीच प्लेट कंपनीने दिलेली असते, हे मला तेव्हा कळले. नवी प्लेट टाकली, आणि पुढच्या उन्हाळ्यात टर्बो गेला. टर्बो खोलल्यावर मिस्त्रीने शाफ्ट माझ्या हातात दिला. तो निळसर पडलेला होता आणि बोटांनी हलवला तर लुकलुकत होता. जादा डिझेलाची उष्णता शेवटी तेथेच जाते. इंजिन बंद करण्याआधी मिनिटभर सावकाश चालू ठेवण्याची सवय मला नव्हती, हाही भाग त्यात होता. दोन्ही मिळून मला जेवढा खर्च आला, तेवढ्यात चारही टायर नवे आले असते. त्या चार मित्रांना मी स्वतः फोन करून बॉक्स काढून टाकायला सांगितले.

१००/९० वॉटच्या बल्बबद्दलही सावध करावेसे वाटते. मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. १२ व्होल्टवर ६० वॉटचे दोन बल्ब १० अँपिअर वीज ओढतात, तर १०० वॉटचे दोन जवळजवळ १७ अँपिअर. मूळ वायर आणि स्टिअरिंगखालचा स्विच यांसाठी हे फार होते. माझ्या गाडीत धारकाचे पांढरे प्लास्टिक आधी तपकिरी झाले, मग ठिसूळ होऊन तुटले, आणि एका रात्री दाट धुक्यात आंबोलीत दोन्ही दिवे गेले. त्या रात्री मी गाडी कडेला लावून उजाडेपर्यंत थांबलो. आता बल्ब मूळच्याच वॉटचे आहेत, पण बॅटरीपासून फ्यूज आणि रिले घालून जाड वायर ओढली आहे. बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचते, आणि त्याच बल्बचा उजेड मला पूर्वीपेक्षा स्पष्ट जास्त दिसतो. काचा पिवळ्या पडल्या असतील, तर त्या घासून घ्या किंवा बदला. निम्मा उजेड तेथेच अडतो.

वायरिंगच्याच कामात बॅटरी आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी बदलून घ्या. कोकणाच्या दमट हवेत माझी पट्टी आतून हिरवी होऊन सडली होती आणि वर्षभर मी स्टार्टरला दोष देत होतो.


पासिंग_आणि_विमा

मी वाहनविम्याच्या नुकसानीची पाहणी करतो, म्हणून कागदोपत्री बाजू मांडतो. तीही गाडीच्या टिकाऊपणाइतकीच महत्त्वाची आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रावरील (आरसीवरील) तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आले आणि त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. पुढच्या पाइपच्या गार्डबाबत तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास कळवले होते. नियमाइतकेच महत्त्वाचे म्हणजे, धडकेत चुरडून धक्का शोषून घेणाऱ्या भागांना हा गार्ड बाजूला ठेवतो आणि धक्का थेट चॅसिसला व केबिनमधील माणसांना देतो. समोर पायी चालणारा माणूस असेल, तर त्याचे काय होते ते मी पंचनाम्यांत पाहिले आहे आणि येथे लिहिण्याची माझी इच्छा नाही.

पाटे वाढवल्याने भारक्षमता वाढत नाही. आरसीवर एकूण वजन जे लिहिले आहे तेच राहते. जादा भार आढळला, तर कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तेथेच उतरवावा लागतो. अपघातानंतर जादा पाटे, बंद केलेला ईजीआर किंवा चिप पाहणीत आढळली आणि ती विमा कंपनीला कळवलेली नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. अशी माणसे माझ्यासमोर बसलेली असतात आणि मला त्यांच्यासाठी काहीही करता येत नाही.

तुमची गाडी २०१८ ची आहे. व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. म्हणजे २०२६ पासून हे सगळे बदल दरवर्षी निरीक्षकासमोर उभे राहणार. त्यापेक्षा पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल परावर्तक पट्टी प्रमाणित दर्जाची लावून घ्या. रात्री कसाऱ्यात बंद पडलेल्या गाडीला तिचाच आधार असतो.


कादवाकाठ (निफाड)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दहा दिवस गेले, म्हणून काय सापडले ते सविस्तर सांगतो.

सर्वांत आधी मी रिकामी गाडी, टाकी भरून, भुईकाट्यावर नेली. आरसीवर रिकामे वजन १,६९० किलो आहे. काट्याने १,८७५ दाखवले. म्हणजे माल भरण्याआधीच १८५ किलो माझ्या हिश्शातून गेले होते, आणि मी तेरा क्विंटल भरत होतो तेव्हा गाडी रोज मर्यादेच्या बाहेर चालत होती. मला हे ठाऊक नव्हते. ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण २४ किलो भरते. माझा हौदा सव्वाचार चौरस मीटरचा आहे, म्हणजे एकट्या चेकर पत्र्याचेच शंभर किलो. गार्ड आणि जाळी उतरवून ठेवली आहे. पत्र्याच्या जागी हौद्यात रबरी चटई घालण्याचा विचार आहे, कारण द्राक्षाचे क्रेट त्यावर सरकतही नाहीत.

मग गाडी रॅम्पवर घेतली. काका, तुम्ही लिहिले होते अगदी तसेच निघाले. व्हॉल्व्हची दांडी सेंटरिंगच्या तारेने चॅसिसच्या भोकाला पीळ देऊन बांधलेली होती. तार गंजून दांडीत रुतली होती, म्हणजे हे आजकालचे नव्हते. मी तेथे उभा राहून कितीतरी वेळ त्या तारेकडे पाहत होतो, कारण इगतपुरीजवळ गाडी तिरकी झाली तेव्हा मी रस्त्याला आणि टायरला दोष दिला होता. पुढचा डावा कॅलिपर पिनेवर अडकलेला होता आणि एका बाजूचे पॅड पत्र्यापर्यंत झिजले होते. काढलेले ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचे होते.

थर्मोस्टॅटच्या जागी फक्त रिकामी कडी होती. इंटरकूलरच्या होजला खालून चार बोटे लांब चीर होती. थर्मोस्टॅट, होज, कॅप, कूलंट, दोन्ही पॅड, कॅलिपरच्या पिना, ब्रेक ऑइल आणि ईजीआरची सफाई, एवढे सगळे २१,००० रुपयांत झाले. सुई आता वीस मिनिटांत मध्यावर येते आणि तेथेच थांबते. काळा धूर गेला, आणि दोन खेपांचे अॅव्हरेज साडेबारा आले.

आता दोन शंका आहेत. जादा पाटे काढले, तर मूळचे पाटे बसलेले निघतील अशी मला भीती वाटते; तसे झाल्यास काय करावे? आणि टायर बदलायचे आहेतच, तर कोणते घ्यावेत?


जुना_पाना

दादा, तार सापडली हे फार चांगले झाले. तो व्हॉल्व्ह आता नवाच घ्या. इतकी वर्षे ताणून बांधलेल्या दांडीवर आणि आतल्या रबरावर मी विसंबणार नाही.

जादा पाटे काढाच. मूळचे बसलेले निघाले, तर त्यांना ठोकून कमान देण्याऐवजी कंपनीच्या मापाचा पूर्ण संच, नवे बुश, नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू बोल्ट घ्या. जुने यू बोल्ट पुन्हा वापरू नका. एकदा ताणले गेले की ते तसे धरत नाहीत. पाटे बसवल्यावर गाडीत माल भरून दोनशे किलोमीटर चालवा आणि यू बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने घट्ट करून घ्या. हे काम गॅरेजवाले टाळतात, म्हणून तेथे उभे राहून करून घ्या. व्हॉल्व्हच्या दांडीचे अंतर त्यानंतरच लावायचे, कारण पाटे बदलले की चॅसिसची उंची बदलते. आधी लावलेले माप उपयोगाचे राहत नाही.

टायरचे माप आरसीप्रमाणे कंपनीचेच ठेवा. मोठा टायर घातला की प्रत्येक फेरीत गाडी जास्त अंतर कापते. चढावर तेवढी ओढ कमी होते, आणि तेच चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. तुमच्या दोन्ही तक्रारी त्याने परत येतील. घेताना टायरच्या कडेचा भारांक वाचा. १०० लिहिले असेल, तर तो टायर ८०० किलो पेलतो, ११२ असेल तर १,१२० किलो, आणि तेही पूर्ण हवा असेल तेव्हाच. भुईकाट्यावर पुढच्या वेळी भरलेल्या गाडीची फक्त मागची चाके काट्यावर चढवून वजन घ्या, त्याची निम्मी संख्या एका टायरच्या वाट्याला येते, आणि त्याहून बराच वरचा भारांक निवडा. रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेला) टायर पुढे कधीही घालू नका.

हे सगळे करून तुमच्या ६०,००० पैकी जे उरतील, त्यात घाटचालकांनी सांगितलेले रिलेचे वायरिंग आणि प्री-फिल्टर बसेल. दांडीचे अंतर लावायला जमले नाही, तर गाडी माझ्याकडे घेऊन या. गाडीसोबत मॅन्युअलमधील मापाच्या पानाचा फोटो मात्र आणा.